पैनगंगेचा गाळ आणि कोरिंगाची कांदळवने

माहूरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. रेणुकामातेच्या दर्शनाला विदर्भातून येणारे भाविक धनोड्याच्या पुलावरून ही नदी ओलांडतात. ऐन पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ असते, कारण त्यात शेतांची आणि डोंगरउतारांची माती मिसळलेली असते. किनवट-माहूरच्या सागवनातला पालापाचोळा, कुजलेले गवत आणि कापसाच्या रानातली काळी माती घेऊन पैनगंगा पूर्वेकडे जाते आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. नांदेड शहरावरून आलेली गोदावरी तोवर तेलंगणातून वाहत तिथे पोचलेली असते. लातूरच्या मांजरेचे पाणी तिने वाटेत कंदकुर्तीजवळच घेतलेले असते.

म्हणजे नांदेड-लातूरात पडलेल्या पावसाचा जो थेंब जमिनीत मुरत नाही, धरणात अडत नाही आणि वाफ होऊन उडत नाही, त्याचा शेवटचा मुक्काम बंगालचा उपसागर. उपसागराला मिळण्याआधी गोदावरीला आंध्र प्रदेशात फाटे फुटतात आणि ती गाळाचा मोठा त्रिभुज प्रदेश पसरते. त्याच्या उत्तर टोकाला, काकीनाडा शहराजवळ, कोरिंगाची कांदळवने आहेत. १९७८ मध्ये तिथे अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर. भरतीला खारे पाणी आत येते, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात तिवर, काजळा, कांदळ, चिप्पी, गेवा अशी झाडे उभी राहतात. मासे पकडणारी रानमांजरे आणि ऊद इथे राहतात. निवट्या हे छोटे मासे चिखलावर उड्या मारतात. खेकड्यांच्या बिळांनी जमिनीची चाळण झालेली असते.

हवामानबदलाच्या चर्चेत अशा किनारी पाणथळींना गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मोठे महत्त्व आले. कांदळवने, खाऱ्या दलदलीतले गवत आणि उथळ समुद्रातले सागरी गवत यांच्यात साठणाऱ्या कार्बनला ‘ब्लू कार्बन’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ मध्ये याच नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हापासून कोणत्या किनाऱ्यावर किती कार्बन आहे याची मोजदाद जगभर सुरू झाली. आता संशोधक त्यापुढचा, अवघड प्रश्न विचारत आहेत. हा साठा नेमका कोण करतो? एकाच जातीची झाडे दाट लावली तर तेवढाच कार्बन साठेल का? की अनेक जातींची झाडे, खेकडे, गोगलगायी, मासे आणि जिवाणू यांचा मेळ असल्याशिवाय तो साठतच नाही? कोट्यवधी रुपयांच्या लागवड योजना या उत्तरावर अवलंबून आहेत.

चिखलातली तिजोरी

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कार्बन खोड, पाने, मुळे यांत ठेवते. माहूरच्या जंगलातला साग हेच करतो. पण सागाचे पान गळून जमिनीवर पडले की वाळवी, बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि बहुतेक कार्बन थोड्याच काळात हवेत परत जातो. कोरडी, हवेशीर जमीन कार्बन फार काळ धरून ठेवत नाही.

कांदळवनात मुळे आणि पाने चिखलात गाडली जातात. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या बारीक गाळात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू जवळपास नसतो. लोणच्यावर तेलाचा थर राहिला की आतल्या फोडींना हवा लागत नाही आणि त्या टिकतात. चिखलाखालच्या सेंद्रिय पदार्थांचे तसेच होते. कुजण्याची क्रिया थांबत नाही, पण अतिशय मंद होते. शिवाय समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. प्राणवायू नसलेल्या जागी जिवाणू आधी ते वापरतात, त्यामुळे गोड्या पाण्याच्या दलदलीत जितका मिथेन तयार होतो तितका खाऱ्या चिखलात होत नाही. कार्बन हवेत जाण्याच्या दोन्ही वाटा अशा अरुंद होतात, आणि शतकानुशतके थरावर थर चढत राहतो.

डॅनियल डोनाटो, बून कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी-प्रशांत महासागराच्या पट्ट्यातली २५ कांदळवने मोजली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. एका हेक्टरात सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला. उष्ण कटिबंधातल्या जमिनीवरच्या बहुतेक जंगलांच्या तो कित्येक पट आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या साठ्याचा निम्मा ते ९८ टक्के भाग झाडांत नव्हता, तो मातीत होता. कांदळवन तोडल्याचे नुकसान म्हणूनच लाकडापुरते राहत नाही. झाडे तोडून कोळंबीची तळी खणली की शतकांचा साठा हवेला उघडा पडतो. गोदावरीच्या मुखाशी १९९०च्या दशकात अशी तळी झपाट्याने वाढली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये किनारपट्टीच्या संरक्षित पट्ट्यातल्या कोळंबी तळ्यांविरुद्ध निकाल दिला, पण तोवर देशाच्या पूर्व किनाऱ्यावर बरीच हानी झालेली होती.

मोजणी कशी होते

हे काम दिसते त्यापेक्षा कष्टाचे आहे. संशोधक ओहोटीची वेळ पाहून होडीने आत जातात आणि ठरावीक मापाचे चौकोन किंवा वर्तुळे आखतात. त्यांतल्या प्रत्येक झाडाची जात नोंदवली जाते आणि खोडाची जाडी मोजली जाते. साध्या झाडाची जाडी छातीच्या उंचीवर घेतात. कांदळाचे झाड मात्र कमानीसारख्या आधारमुळांवर उभे असते, म्हणून त्याची जाडी सर्वांत वरच्या आधारमुळाच्या आणखी वर मोजावी लागते.

जाडीवरून वजन काढण्याची सूत्रे आहेत आणि त्यांत लाकडाची घनता घालावी लागते. इथेच जातींचा फरक पहिल्यांदा जाणवतो. सुंदरबनातल्या सुंदरीचे लाकूड जड, तर काही चिप्प्यांचे हलके. सारख्याच जाडीच्या दोन खोडांत म्हणून कार्बन सारखा नसतो. झाडांची जात न नोंदवता नुसती संख्या मोजली तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

मग माती. अर्धगोल नळीसारखे धातूचे उपकरण चिखलात खाली दाबतात, फिरवतात आणि मातीचा अखंड स्तंभ बाहेर काढतात. एक मीटर खोलीपर्यंतचा नमुना नेहमीचा असतो. जिथे गाळ खोल आहे तिथे तीन मीटरपर्यंतही जातात. स्तंभाचे तुकडे करून सुकवतात, वजन करतात आणि त्यांतला सेंद्रिय कर्ब काढतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. शेताच्या मातीत जे मोजतात तेच इथे मोजतात, फक्त खोलवर आणि थराथराने.

थर किती जुना आहे हे कळायला शिशाच्या एका किरणोत्सारी समस्थानिकाचा उपयोग होतो. हे शिसे हवेतून जमिनीवर पडत राहते आणि साधारण २२ वर्षांत निम्मे होते. कोणत्या थरात ते किती उरले आहे यावरून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत गाळ कोणत्या वेगाने साठला हे सांगता येते. साठा किती आणि तो वाढतो किती वेगाने, हे दोन वेगळे आकडे आहेत. कार्बनच्या बातम्यांत ते अनेकदा एकमेकांत मिसळलेले असतात.

जाती वाढल्या तर कार्बन वाढतो का?

वेगवेगळ्या जातींची झाडे जागा वाटून घेतात. तिवर खूप खारटपणा सोसते आणि जमिनीतून वर येणाऱ्या पेन्सिलीएवढ्या श्वसनमुळांनी हवा घेते. कांदळ आधारमुळांचे जाळे पसरते आणि त्या जाळ्यात गाळ अडकतो. काजळा खाडीच्या काठाला आणि गेवा जमिनीकडच्या बाजूला दाटी करतात. कोणाची मुळे उथळ तर कोणाची खोल, कोणाची पाने लवकर कुजणारी तर कोणाची चिवट. एक जात जिथे अडखळते तिथे दुसरी वाढते, आणि जमिनीच्या वर व खाली मोकळी जागा कमी राहते. विविधतेने कार्बन वाढायला हवा असे म्हणण्यामागे हे कारण आहे.

आकडे बऱ्याच अंशी याला दुजोरा देतात. चीनच्या हायनान बेटावरच्या कांदळवनांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जिथे झाडांची विविधता जास्त होती, तिथे झाडांचे वस्तुमान आणि कार्बनसाठाही जास्त निघाला. त्याच वर्षी बांगलादेशातल्या सुंदरबनाचा अभ्यास आला. जैवविविधता राखणे आणि कार्बन राखणे ही दोन कामे एकाच जागी साधतात, असा त्याचा रोख होता.

पण इथे घाई करून चालत नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. गोड्या पाण्याचा चांगला पुरवठा असलेल्या, सुपीक गाळाच्या जागी झाडांच्या जातीही जास्त असतात आणि झाडे मोठीही होतात. तिथे श्रेय विविधतेचे की पाण्याचे? हे वेगळे काढण्यासाठी संशोधक खारटपणा, भरतीची पातळी, मातीचा पोत आणि वनाचे वय या सगळ्यांची नोंद घेतात आणि त्यांचा परिणाम वजा करून पाहतात. दुसरा मार्ग प्रत्यक्ष प्रयोगाचा. एकाच जागी, एकाच दिवशी, काही तुकड्यांत एक जात आणि काहींत मिश्र जाती लावायच्या आणि वर्षानुवर्षे मोजत राहायचे. झाडे वाढायला वेळ लागतो, म्हणून असे प्रयोग थोडे आहेत आणि मौल्यवान आहेत.

हायनानमध्येच या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. बांगलादेशातून १९८५ मध्ये तिथे चिप्पीच्या कुळातली एक जात आणली गेली. ती स्थानिक कांदळ जातींपेक्षा कितीतरी वेगाने वाढते, म्हणून दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर तिची लागवड पसरली. उभ्या लाकडातला कार्बन लवकर वाढला. पण स्थानिक झाडांच्या जागी ती शिरते का, तिच्याखाली तेच खेकडे आणि तेच कालव राहतात का, हा वाद तिथे अजून चालू आहे. पहिल्या दहा वर्षांचा हिशेब आणि शंभर वर्षांचा हिशेब सारखा येईलच असे नाही.

खेकड्यांची कामगिरी

झाडांइतकेच लक्ष आता खेकड्यांकडे वळले आहे. कांदळवनातले काही खेकडे गळालेली पाने ओढून बिळात नेतात, काही खातात, काही तशीच ठेवतात. पाने ओहोटीबरोबर समुद्रात वाहून जाण्याऐवजी चिखलात गाडली जातात. हे किती प्रमाणात होते ते मोजण्यासाठी संशोधक पानांना दोरा बांधून ती जमिनीवर ठेवतात आणि काही तासांनी दोरा कोणत्या बिळात गेला ते पाहतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कांदळवनाच्या काही तुकड्यांतून खेकडे पकडून बाहेर काढले आणि त्यांची शेजारच्या तुकड्यांशी तुलना केली. हा प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. खेकडे नसलेल्या जागी चिखलात सल्फाइड आणि अमोनियम वाढले, झाडांची वाढ आणि फलधारणा कमी झाली. सल्फाइड मुळांना विषारी असते. खेकड्यांची बिळे चिखलात हवा आणि पाणी खेळवतात, विष धुऊन काढतात आणि झाडाला जगवतात.

मात्र हीच हवा कार्बनच्या विरुद्धही काम करते. बिळाच्या भिंतीला प्राणवायू मिळाला की तिथला सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खेकडा पाने गाडून कार्बन साठवतो आणि बीळ खणून थोडा सोडतोही. शेवटी बेरीज कोणत्या बाजूला झुकते हे खेकड्यांच्या जाती, त्यांची संख्या आणि त्यांना खाणारे कोण यांवर ठरते.

अमेरिकेच्या केप कॉड भागात हा तोल बिघडलेला दिसला. तिथल्या खाऱ्या दलदलीतल्या गवतावर जगणाऱ्या एका खेकड्याला मोठे मासे आणि इतर शिकारी प्राणी आटोक्यात ठेवत. माणसांनी मासेमारीत हे शिकारी कमी केले, तेव्हा खेकडे बेसुमार वाढले, त्यांनी गवत फस्त केले आणि काठाची माती ढासळू लागली. शेकडो वर्षांत साठलेला कार्बन त्या मातीबरोबर गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर मासेमारीचे धोरण आणि कार्बनचा साठा हे विषय एकाच टेबलावर आले.

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्ले वाढतात, जिताडा आत येतो आणि चिंबोऱ्या मिळतात. ही साखळी तिथले कोळी रोज पाहतात. त्या साखळीतली एक कडी ढिली झाली तर चिखलातला कर्ब किती हलतो, हे आकड्यांत मांडणे संशोधकांचे काम आहे.

हा कार्बन कोणाचा?

आता पुन्हा कोरिंगाला. चिखलात सापडलेला कार्बन तिथल्याच झाडांचा असेल असे सहज गृहीत धरले जाते. स्टीव्हन बुयों आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत कोरिंगा आणि श्रीलंकेतल्या कांदळवनांत हे गृहीत तपासले. कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, एक हलका आणि एक किंचित जड. कांदळझाडांत त्यांचे प्रमाण एक, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींत दुसरे. मातीचा किंवा खेकड्याच्या मांसाचा नमुना घेऊन हे प्रमाण पाहिले की तो कार्बन कुठून आला याचा माग लागतो.

निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. काही जागी मातीतला कार्बन खरोखर झाडांच्या पानामुळांचा होता, आणि तिथे तो भरपूर होता. पण जिथे भरतीबरोबर गाळ मोठ्या प्रमाणात येत होता तिथे बराचसा कार्बन पाण्यातून आलेला होता आणि मातीत त्याचे प्रमाण कमी होते. कांदळवनातल्या अनेक गोगलगायी आणि खेकडेही झाडांच्या पानांवर वाटले होते तितके अवलंबून नव्हते. चिखलावरची सूक्ष्म शेवाळे आणि पाण्यातले कण हे त्यांचे मोठे अन्न होते. म्हणजे विविधता मोजताना केवळ झाडे मोजून भागत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांपासून भरतीबरोबर ये-जा करणाऱ्या माशांपर्यंत सगळे त्या हिशेबात येतात.

आणि या हिशेबात माहूरही येते.

२००६ मध्ये भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून गाळाचा लांब स्तंभ काढला गेला. लिव्हिउ जोसन, कामिलो पॉन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या थरांचा अभ्यास केला. पानांवरचे मेणचट आवरण हजारो वर्षे टिकते. थरांत सापडलेल्या त्या मेणावरून मध्य भारतातले हवामान गेल्या चार हजार वर्षांत कोरडे होत गेल्याचे २०१२ मध्ये त्यांनी दाखवले. २०१७च्या शोधनिबंधात गाळाच्या रासायनिक ओळखीवरून दुसरी गोष्ट पुढे आली. अलीकडच्या काही हजार वर्षांत गोदावरीच्या गाळात दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशाचा, म्हणजे काळ्या मातीच्या मुलखाचा, वाटा वाढला. कोरडे हवामान आणि पसरत गेलेली शेती यांमुळे उतारांची धूप वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दायमाबाद, जोर्वे यांसारख्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्त्या याच खोऱ्यातल्या. मराठवाड्याचे शेत आणि बंगालच्या उपसागराचा तळ यांचे नाते असे जुने आहे.

गेल्या शतकात मात्र हे नाते उलटले. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. पुढे पैनगंगेवर इसापूर, नांदेडजवळ विष्णुपुरी आणि तेलंगणात श्रीरामसागर अशी धरणांची रांग लागली. या धरणांनी शेतीला आणि शहरांना पाणी दिले, आणि गाळही अडवला. आंध्र विद्यापीठाच्या बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार त्रिभुज प्रदेशाकडे येणारा तरंगता गाळ १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी १५ कोटी टन होता, तो १९९० ते १९९८ या काळात ६ कोटी टनांच्या खाली आला. किनारा मागे हटू लागला आणि त्याबरोबर कांदळवनाची जमीनही गेली.

कांदळवनाला गाळ जगण्यासाठी लागतो. समुद्राची पातळी वाढते तशी चिखलाची पातळीही वर यावी लागते, नाहीतर मुळे कायमची बुडतात. जगभरच्या जुन्या कांदळवनांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये संशोधकांनी सांगितले, की समुद्र वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने चढू लागला तर कांदळवनांना त्याच्याबरोबर राहणे बहुधा जमणार नाही. गाळ कमी आला की समुद्राबरोबर राहण्याची क्षमता आणखी घटते. कोणत्या जाती प्रथम हार मानतील आणि कोणत्या टिकतील, यावर साठ्याचे भवितव्य ठरेल.

लावणे आणि जगवणे

गोदावरीच्या मुखाशी कांदळवन परत आणण्याचा प्रयोग एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वनविभाग आणि गावकऱ्यांच्या सोबतीने सुरू केला. जुन्या तोडीमुळे उघडी पडलेली जमीन खचली होती. भरतीचे पाणी तिथे साचून आटे आणि मिठाचे प्रमाण इतके वाढे की काहीच उगवत नसे. तिथे रोपे लावण्याआधी माशाच्या काट्यासारखे कालवे खणले गेले. मधला मोठा आणि बाजूंनी तिरके छोटे. भरतीचे पाणी आत-बाहेर करू लागले, मीठ धुतले गेले आणि मग रोपे जगली. लागवडीत बहुतांश तिवर होते, कारण तेच सर्वांत जास्त खारटपणा सोसते. अशा जागी इतर जाती हळूहळू आपण होऊन येतात का, खेकडे परत येतात का आणि मातीतला कर्ब किती वर्षांनी जुन्या वनाच्या जवळ पोचतो, हे पाहणे आता जास्त मोलाचे आहे.

महाराष्ट्राने आपल्या किनाऱ्यासाठी २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत आली. भारतीय वनसर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात महाराष्ट्रात ३१५ चौरस किलोमीटर आणि आंध्र प्रदेशात ४२१ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलेले आहे. सिंधुदुर्ग किनारा आणि पूर्व गोदावरीचे मुख या दोन्ही ठिकाणी एकाच काळात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने किनारी जैवविविधतेचे प्रकल्प चालले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा स्वामिनी बचतगट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो आणि झाडांच्या जाती ओळखायला शिकवतो. जाती ओळखू शकणारी स्थानिक माणसे असणे ही संशोधनाची पहिली गरज आहे, म्हणून अशा कामाचे मोल पर्यटनापेक्षा मोठे आहे.

केंद्र सरकारने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात ‘मिष्टी’ ही कांदळवन लागवडीची योजना जाहीर केली. कार्बन क्रेडिटच्या बाजारातही कांदळवनांना मागणी आहे. दोन्हींत हेक्टर आणि टन हे आकडे पुढे राहतात, कारण ते मोजायला सोपे असतात. जातींची संख्या, खेकड्यांची बिळे, माशांची पिल्ले आणि गाळ साठण्याचा वेग हे मोजायला वेळ आणि माणसे लागतात. आतापर्यंतच्या संशोधनाचा कौल मात्र असा आहे, की हे दुसरे आकडे सुटले तर पहिल्यांवर फार काळ विश्वास ठेवता येत नाही.

गोदावरीच्या खोऱ्यात हे काम दोन टोकांनी करता येण्यासारखे आहे. कोरिंगात कायमचे नमुना-चौकोन हवेत. त्यांत दरवर्षी झाडांच्या जाती, खेकडे आणि मातीचे थर मोजले जावेत. वरच्या बाजूला पैनगंगा, मांजरा आणि गोदावरीच्या पुरात किती गाळ आणि किती सेंद्रिय कर्ब वाहून जातो, हे नांदेड-लातूरातच मोजता येईल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ याच खोऱ्यात आहेत. मातीतला सेंद्रिय कर्ब मोजणे हे कृषी प्रयोगशाळांचे नेहमीचे काम आहे. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतांवर टाकला जातो. त्या गाळाचे नमुने तपासले तर नदीने मुखाकडे न नेलेल्या कर्बाचाही अंदाज येईल. खाली राजमहेंद्रीच्या वर पोलावरमचे मोठे धरण उभे राहते आहे. ते पूर्ण भरू लागले की मुखाकडे जाणाऱ्या गाळाचा हिशेब पुन्हा बदलेल, आणि त्याआधीच्या नोंदी नसतील तर तो बदल पुढे कोणालाच मोजता येणार नाही. कोरिंगातले चौकोन आखण्याची आणि पैनगंगेच्या पुराचे पाणी बाटल्यांत भरण्याची वेळ म्हणूनच आताची आहे.